टाइम टीम : तीन दिवसांत मातीला काय विचारता येते

‘टाइम टीम’ ही ब्रिटिश मालिका चॅनल फोर या वाहिनीवर जानेवारी १९९४ मध्ये सुरू झाली आणि तिची नियमित पर्वे २०१३ पर्यंत चालली. वीस पर्वे आणि दोनशेहून अधिक भाग झाले, तरी चौकट शेवटपर्यंत एकच राहिली. एखादा शेतमालक, गावातले इतिहास मंडळ किंवा स्थानिक अभ्यासक एक प्रश्न घेऊन येतो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुरातत्त्वज्ञांच्या चमूला तीन दिवस मिळतात. आपल्याकडच्या अनेकांप्रमाणे मलाही ही मालिका यूट्यूबवर भेटली आणि तिने मला धरून ठेवले. ती इतकी वर्षे टिकली याचे श्रेय बहुतेक जण उत्खननात निघालेल्या वस्तूंना देतात. मला ते पटत नाही. जाणकार माणसे पुराव्यासमोर आपले मत बदलताना दिसणे, हे या मालिकेचे खरे देणे होते. निर्मात्यांना ही गोष्ट दुय्यम वाटू लागली तेव्हापासून मालिका उतरणीला लागली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्याच भागापासून ही वृत्ती दिसते. सॉमरसेट परगण्यातल्या अ‍ॅथेल्नी या ठिकाणी, दलदलीच्या आश्रयाने, वेसेक्सचा राजा आल्फ्रेड ८७८ साली डेन आक्रमकांपासून लपून राहिला आणि पुढे त्याने तिथेच एक मठ बांधला. जागा संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे खणण्याची परवानगी नव्हती. उत्खननावरच्या नव्या मालिकेचा पहिला भाग, आणि मुख्य जागेवर कुदळ मारता येत नाही! दुसऱ्या कोणी ठिकाण बदलले असते. यांनी यंत्रांच्या साहाय्याने जमिनीच्या आतला अंदाज घेतला आणि गवताखाली दडलेल्या मठाचा आराखडा कागदावर उमटताना प्रेक्षकांना दाखवला.

या वृत्तीच्या मुळाशी मिक अ‍ॅस्टन हा माणूस होता. विस्कटलेले पांढरे केस आणि रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्वेटर यांमुळे तो प्रेक्षकांच्या लक्षात राहिला, पण त्याची खरी ओळख शिक्षकाची आहे. ब्रिस्टल विद्यापीठात तो बहिःशाल विभागात शिकवत असे, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या प्रौढांना. मालिकेचा निवेदक टोनी रॉबिन्सन हा अभिनेता त्याला भेटला तोही ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या अशाच एका अभ्याससहलीत. ही पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते, कारण दिवसभर राबून आलेल्या माणसासमोर तासभर बोलायचे तर त्याला कमी लेखून चालत नाही आणि पांडित्यही मिरवून चालत नाही. तीन दिवसांच्या उत्खननाचा चेहरा झालेला हाच माणूस सॉमरसेटमधल्या शॅपविक या एका गावावर सहकाऱ्यांसह सुमारे दहा वर्षे काम करत होता. शेते पायी तुडवून खापरे वेचणे, जुने नकाशे आणि शेतांची नावे ताडून पाहणे, घराघरांच्या आवारात लहान खड्डे घेणे, असे ते चिवट काम होते. म्हणून ‘यांना घाई फार’ हा आक्षेप अ‍ॅस्टनला तरी लागू होत नाही.

मालिकेतला एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी सकाळी, न खणता यंत्रांनी जमिनीची पाहणी करणारा जॉन गेटर आणि त्याचे सहकारी शेतात दोऱ्या आखून यंत्रे घेऊन मागे-पुढे चालत राहतात. मॅग्नेटोमीटर जमिनीतले चुंबकीय फरक टिपतो. भट्टीत किंवा चुलीत भाजलेली माती आणि एके काळी खणून नंतर गाळाने भरून गेलेला खंदक आसपासच्या जमिनीपेक्षा वेगळे दिसतात. दुसऱ्या पद्धतीत जमिनीत अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडतात. पुरलेली दगडी भिंत त्याला अडवते, तर ओल धरून ठेवणारा खंदक त्याला वाट देतो. दुपारपर्यंत करड्या ठिपक्यांची एक छापील प्रत मोटारीच्या बॉनेटवर पसरली जाते आणि सगळे तिच्यावर वाकतात. गेटर एका काळ्या रेघेवर बोट ठेवून ‘ही भिंत’ म्हणतो. चर आखला जातो, वरची माती काढली जाते, आणि चमूतला पुरातत्त्वज्ञ फिल हार्डिंग गुडघ्यांवर बसून छोट्या थापीने तळ खरवडू लागतो. थापीच्या प्रत्येक फटकाऱ्यानिशी माती स्वच्छ होते, आणि पिवळट मातीत एक काळसर गोल उमटतो. तिथे कधीकाळी लाकडी खांब रोवला होता. लाकूड कुजून गेले, पण त्याची जागा मातीने आपल्या रंगात जपून ठेवली. गेटरची ‘भिंत’ मात्र कित्येकदा नुसता नैसर्गिक खडक निघते. मग पुन्हा कागदाकडे, पुन्हा चर्चा, पुन्हा नवा चर. कॅमेरा ही चर्चा तोडत नाही, आणि मालिकेचा प्राण मला तिथेच दिसतो.

त्यातही व्हिक्टर अ‍ॅम्ब्रस या चित्रकाराचे काम मला विशेष वाटते. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून ब्रिटनमध्ये आलेला हा कलावंत चराच्या कडेला बसून तिथले प्राचीन घर किंवा मठ रेखाटत असे. चित्र काढायचे म्हटले की मोघमपणा चालत नाही. भिंतीचा पाया सापडला आहे हे ठीक, पण भिंत किती उंच होती, छपराचा उतार कुठल्या बाजूला होता, धूर कुठून बाहेर जात होता? असे प्रश्न त्याच्या पेन्सिलीमुळे पुढे यायचे आणि संशोधकांना हातातला पुरावा पुन्हा तपासावा लागायचा. ज्यांना ही चित्रे केवळ सजावट वाटतात, त्यांनी त्या वेळी चाललेले बोलणे नीट ऐकलेले नाही.

तीन दिवसांच्या मुदतीवर पुष्कळ टीका झाली, आणि काही व्यावसायिक पुरातत्त्वज्ञ यामुळे फार नाराज होते. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी शास्त्राची ओढाताण होते, प्रेक्षकांना वाटते की शतकांचे कोडे शनिवार-रविवारात सुटते, असा त्यांचा सूर असे. जेसीबीने वरची माती काढताना पाहून मलाही सुरुवातीला धस्स झाले होते. पण नांगराने शतकानुशतके उलटीपालटी केलेल्या थरात मूळ जागेवर राहिलेले फारसे काही नसते, आणि बांधकामापूर्वी करायच्या पाहणीतही इंग्लंडमध्ये यंत्राने चर घेण्याची पद्धत रूढ आहे. दुसरे असे की, मुदत असल्यामुळे निर्णय उघड्यावर घ्यावे लागत. चर इथे घ्यायचा की तिथे, एक खोल न्यायचा की तीन उथळ घ्यायचे, हे प्रश्न प्रत्येक उत्खननात असतातच. एरवी ते अहवालात एका वाक्यात आटोपतात, तर इथे माणसे त्यावरून खरोखर वाद घालताना दिसतात. शिवाय पुढच्या पर्वांतल्या अनेक उत्खननांचे रीतसर अहवाल वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेने तयार करून सर्वांसाठी खुले केले आहेत. ज्यांना केवळ तमाशा करायचा असतो ते एवढे कष्ट घेत नाहीत.

वेल्समधल्या पॉविस परगण्यात लीगाड्वी येथे केलेल्या भागाचा इथे आवर्जून उल्लेख करायला हवा. एका झऱ्याभोवती केल्टिक काळातले पवित्र स्थान असावे, या अपेक्षेने चमू तिथे गेला आणि वस्तू भराभर सापडूही लागल्या. पण वस्तू आणि त्यांच्याभोवतीची माती यांचा मेळ बसेना. त्या मुळात त्या जागेच्या नसून नंतर आणून ठेवलेल्या दिसतात, असा निष्कर्ष काढून तो प्रेक्षकांना सांगण्यात आला. सनसनाटी शोधाचा भाग सहज करता आला असता आणि बहुतेक प्रेक्षकांना संशयही आला नसता. तरीही या मंडळींनी वस्तूच्या झळाळीपेक्षा तिच्या जागेला जास्त मान दिला. थरातून सुटलेली वस्तू मुकी होते, हे कितीही व्याख्यानांपेक्षा या एका भागाने मला जास्त नीट समजावले.

मालिकेचा परिणाम पडद्याबाहेरही झाला. २००३ मध्ये ‘बिग डिग’ या उपक्रमात सामान्य लोकांनी आपापल्या परसात एक मीटर लांबी-रुंदीचे खड्डे घेतले. त्यावरही वाद झाले, पण मालिकेतली संशोधक कॅरेन्झा लुईस हिने पुढे केंब्रिज विद्यापीठात याच पद्धतीला शिस्त लावली. पूर्व इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक गावांत, गावकरी आणि शाळकरी मुलांच्या हातून, सुमारे दोन हजार खड्डे घेतले गेले. थोडी थोडी माती काढायची, चाळायची, प्रत्येक खापर कोणत्या खोलीवर मिळाले ते लिहायचे. २०१६ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार चौदाव्या शतकातल्या महामारीनंतर या गावांमधल्या खापरांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले दिसते. ज्यांची नावे कुठल्याही दफ्तरात आली नाहीत, त्या माणसांच्या नाहीसे होण्याचा पुरावा त्यांच्याच वारसांच्या परसातून निघाला. यापेक्षा मोठे यश कोणत्या मालिकेने मागावे?

आणि तरी तिला घसरण लागली. शेवटच्या वर्षांत मांडणी बदलली, काही जुने तज्ज्ञ दूर झाले, नव्या सहनिवेदिकेची भर पडली आणि पुरातत्त्वाला मिळणारा वेळ आक्रसला. अ‍ॅस्टनने २०१२ मध्ये या बदलांवर उघड नाराजी व्यक्त करून मालिका सोडली. २०१३ च्या जूनमध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो गेला. मालिकेचे अखेरचे नियमित पर्व त्याच्या आधी तीनच महिने संपले होते. प्रेक्षकांना वाद नको, वेग हवा, असे वाहिन्यांच्या चालकांना नेहमी वाटत आले आहे. मी ते शेवटचे पर्व पाहिले तेव्हा मला उलट वाटले. चित्रीकरण चांगले होते, दृश्ये देखणी होती, पण कॅमेऱ्यासमोर एखाद्याने ‘मला हे पटत नाही’ म्हणावे आणि दुसऱ्याने थापी हातात घेऊन त्याला उत्तर द्यावे, असे क्षण विरळ झाले होते.

मराठी वाचकांना हा विषय परका वाटू नये, कारण पुरातत्त्व आणि दूरचित्रवाणी यांचे नाते जोडणारा एक ठळक दुवा आपल्याही इतिहासातून जातो. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर मायदेशी परतल्यावर बीबीसीच्या वस्तू ओळखण्याच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात झळकले आणि १९५४ चे सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्व ठरले. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया लंडनला शिकत असताना डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात याच व्हीलरांच्या हाताखाली काम करून आले होते. पुढे सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून दहाहून अधिक वर्षे उत्खनन केले. घरांची जमीन, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली बालके, आणि चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ, असे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे अख्खे शेतकरी गाव तिथे उलगडले.

त्या उत्खननाच्या कडेला एखादा कॅमेरा रोज उभा असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडचे इतिहासावरचे कार्यक्रम बहुधा उत्तरापासून सुरू होतात. कोण थोर, कोणती लढाई, कोणता गड, हे आधीच ठरलेले असते आणि पुरावा त्याच्या मागे हात जोडून उभा राहतो. आपल्या गावकुसाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडाकडे बोट दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारणारे गावकरी महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांना घेऊन तज्ज्ञ टेकाडावर चढतात, पावसाने उघडी पडलेली खापरे हातात घेतात, ती ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीची की नंतरच्या सातवाहन काळातली यावरून आपापसांत वाद घालतात, आणि संध्याकाळी ‘आमचा सकाळचा अंदाज चुकला’ असे गावासमोर सांगतात, असा कार्यक्रम मराठीत व्हावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. रीतसर परवान्याशिवाय आपल्याकडे उत्खनन करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अ‍ॅथेल्नीच्या भागात तरी कुठे खणले होते?

२०२२ मध्ये ‘टाइम टीम’ परत आली, आणि या वेळी कोणत्याही वाहिनीविना. प्रेक्षकांनी दरमहा थोडे थोडे पैसे भरून ती उभी केली आणि भाग यूट्यूबवर सगळ्यांना खुले ठेवले. पहिल्या दोन उत्खननांपैकी एक कॉर्नवॉलमधल्या बोडन इथले होते, जिथे लोहयुगातला दगडी भुयारी मार्ग आहे. प्रत्येक दिवसाला स्वतंत्र भाग मिळाल्यामुळे पूर्वी तासाभरात कोंबावे लागणारे वाद आता सैलपणे ऐकता येतात. कॅरेन्झा, गेटर, जमिनीची ठेवण वाचणारा स्टुअर्ट एन्सवर्थ आणि अँग्लो-सॅक्सन काळाची अभ्यासक हेलन गीक ही जुनी माणसेही त्यात आहेत. माझी एकच तक्रार आहे. उत्खननानंतर प्रयोगशाळेत महिनोन्महिने चालणाऱ्या कामालाही, म्हणजे हाडे, बिया, परागकण, कोळशाचे कालमापन यांनाही, पूर्ण लांबीचे स्वतंत्र भाग मिळायला हवेत. पैसे भरणारे प्रेक्षक तेही पाहतील, याबद्दल मला शंका नाही.