मामांनी कोणाचे पैसे बुडवले?

आज सकाळी सव्वासातला मामांचा फोन आला. ज्या परदेशी लिलाव संकेतस्थळावर ते जुनी टपाल तिकिटे आणि पाकिटे शोधत असतात, तिथे त्यांना बोलीच लावता येईना. पडद्यावर आलेली सूचना त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली: पैसे भरण्याची मान्य पद्धत खात्याला जोडल्याशिवाय बोली स्वीकारली जाणार नाही. मान्य पद्धती दोनच, ठरावीक आंतरराष्ट्रीय कार्ड किंवा संकेतस्थळाचे स्वतःचे वॉलेट. मामांचे खाते सहकारी बँकेत आहे आणि त्या बँकेचे कार्ड फक्त भारतात चालते. खात्यात पैसे आहेत, चेकबुक आहे, चाळीस वर्षांत एकही चेक परत आलेला नाही, पण या माणसाला बोली लावण्याचीसुद्धा परवानगी नाही.

मला एवढा राग का आला, हे समजण्यासाठी गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी. मामांचा जन्म म्हापशाचा. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी सेगुंद ग्रावपर्यंत (पोर्तुगीज प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा) शिक्षण घेतले आणि पुढे सावंतवाडीला मास्तर म्हणून आयुष्य काढले. गेल्या पावसाळ्यात त्यांना त्या संकेतस्थळावर 1960 सालचे एक पाकीट दिसले. त्यावर जुन्या नाण्याचे चित्र असलेले पोर्तुगीज इंडियाचे तिकीट होते. 1959 मध्ये रुपिया हे तिथले चलन जाऊन एस्कुदो आला, त्यानंतरच्या मालिकेतले. शाईचा गोल शिक्का म्हापशाच्या टपाल कचेरीचा होता आणि पत्ता होता मामांच्या वडिलांच्या दुकानाचा. हस्ताक्षर कोणाचे ते मामांनी क्षणात ओळखले. त्यांनी बोली लावली आणि जिंकलीही.

पैसे भरायला चार दिवसांची मुदत होती. मामांचे कार्ड चालले नाही. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू नव्हते (2020 पासून नवे कार्ड मुळात देशातल्या व्यवहारांपुरतेच मिळते, बाकीचे आपण सुरू करून घ्यायचे), ते मी सुरू करून घेतले, तर कार्डावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही म्हणून नकार आला. लिस्बनचा विक्रेता भला माणूस होता. बँकेतून पाठवा, मी थांबतो, असे त्याने कळवले. त्यावर संकेतस्थळाने आम्हा दोघांनाही ताकीद दिली की बाहेरून व्यवहार केल्यास खाते बंद होईल. पाचव्या दिवशी ते पाकीट दुसऱ्याला गेले आणि मामांच्या नावापुढे पैसे न भरणारा ग्राहक अशी नोंद लागली.

ज्या माणसाने किराणा दुकानातही कधी उधारी ठेवली नाही, त्याच्या नावापुढे ही नोंद! मामा तेव्हा एवढेच म्हणाले, "अरे, मी कोणाचे पैसे बुडवले?"

मामांचे संकेतस्थळ ईबे नव्हे, पण पैसे ठरावीक मार्गानेच घेण्याचा हा पायंडा कुठून पडला ते पाहा. 1995 मध्ये ईबे हे अमेरिकी लिलाव संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा अनोळखी माणसे एकमेकांना टपालाने चेक आणि मनीऑर्डर पाठवत आणि वस्तू घरपोच येत. 2002 मध्ये ईबेने दीड अब्ज डॉलरना पेपाल ही ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणारी कंपनी विकत घेतली आणि 2008 मध्ये अमेरिकेत कागदी चेक आणि मनीऑर्डर बंद केल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जवळजवळ सगळे व्यवहार पेपालमधूनच व्हावेत असा नियम आणायचा घाट घातला, तेव्हा तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने आक्षेप घेतला आणि ईबेला तो मागे घ्यावा लागला. म्हणजे हे अडवता येते, अडवणारा कोणीतरी लागतो. बाजार भरवणाऱ्याने पैसे मोजायची खिडकीही स्वतःचीच ठेवावी आणि दुसरी उघडूच देऊ नये, हे मला मान्य नाही.

फसवणूक होते, हे मी मान्य करतो. पैसे पाठवून रिकामे खोके मिळालेले लोक मलाही माहीत आहेत, आणि पैसा संकेतस्थळाच्या हातातून गेल्याशिवाय ते हमी देऊ शकत नाही हेही खरे. मग बँकेतून आलेला पैसा त्यांनीच आपल्याकडे ठेवावा, वस्तू पोचल्यावर विक्रेत्याला द्यावा, आठवडा जास्त लागला तरी चालेल. साठ वर्षांहून अधिक काळ कुठल्यातरी कपाटात पडून राहिलेल्या पाकिटाला आणखी एका आठवड्याने काय होणार आहे? घाई आम्हाला नाही.

हे लिहिता लिहिता माझा राग जरा निवळला आहे, कारण दुपारी मामांशी पुन्हा बोललो. आज त्यांना दिसलेले पाकीट त्याच पत्रव्यवहारातले आहे, तोच पत्ता, तेच अक्षर. लिलाव रविवारी रात्री संपतो. मी माझ्या नावाने खाते उघडले आहे, माझे कार्ड त्याला जोडले आहे आणि बोली मीच लावणार आहे. मामांना हे फारसे आवडलेले नाही. वडिलांच्या दुकानाचे पाकीट स्वतःच्या नावाने घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती. गेल्या वर्षीच्या पाकिटाचा छापून घेतलेला फोटो त्यांनी अल्बममध्ये लावला आहे आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवली आहे.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी सांगितले की माझ्या नावाचा चेक त्यांनी सही करून तयार ठेवला आहे. रकमेची जागा तेवढी कोरी आहे, ती रविवारी रात्री भरायची आहे.