ते विमान खाली येत नव्हतं

३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ युद्धनौकेने इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान पाडलं. त्याबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय: चूक वैमानिकाची, तो मार्ग सोडून नौकेवर झेपावत होता, विमानाची ओळख सांगणारा रेडिओ संकेत लष्करी देत होता, इशाऱ्यांना उत्तर देत नव्हता आणि नौका आंतरराष्ट्रीय समुद्रात होती. यातलं एवढंच खरं, की उत्तर आलं नाही.

‘झेपावत होता’ हे तर धडधडीत खोटं. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं ते एअरबस ए-३०० उड्डाणानंतर सातव्या मिनिटाला पडलं. ते ठरलेल्या हवाई मार्गातच होतं आणि शेवटपर्यंत उंची घेत होतं. हे इराण म्हणतो म्हणून नाही, खुद्द ‘विन्सेन्स’च्या संगणकांत तशी नोंद आहे आणि अमेरिकी नौदलाच्या चौकशीने ती मान्य केली. लष्करी संकेताचंही तेच: नोंदीत फक्त नागरी संकेत सापडला. नौकेवरच्या अंधाऱ्या कक्षात माणसं ‘एफ-१४ (इराणचं लढाऊ विमान) येतंय’ असं धरून बसली होती. समोरचे आकडे वेगळं सांगत असताना तोंडून ‘खाली येतंय’ निघत राहिलं.

आता उत्तराचं. बहुतेक इशारे २४३ मेगाहर्ट्झ या लष्करी आपत्कालीन वारंवारितेवर दिले गेले. ती ऐकायला प्रवासी विमानात रेडिओच नव्हता. १२१.५ या नागरी आपत्कालीन वारंवारितेवर जे मोजके इशारे गेले, त्यांत विमानाचा क्रमांक नव्हता. ‘अनोळखी इराणी विमान’ म्हणून हाक आणि सोबत जमिनीच्या सापेक्ष वेग, जो वैमानिकासमोरच्या हवेतला वेग दाखवणाऱ्या काट्याशी जुळत नाही. ही हाक आपल्याला आहे हे त्याने ओळखायचं कसं?

नौका त्या वेळी इराणच्या सागरी हद्दीत होती. अमेरिकी लष्करप्रमुखांच्या समितीचे माजी अध्यक्ष ॲडमिरल क्रो यांनी १९९२ मध्ये ते जाहीरपणे मान्य केलं.

‘भरपाई दिली, विषय संपला’ असंही त्या मजकुरात शेवटी आहे. १९९६ मध्ये ६.१८ कोटी डॉलर देताना अमेरिकेने कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही. ‘विन्सेन्स’चे कॅप्टन रॉजर्स यांना तर नौकेवरच्या त्या कारकिर्दीसाठी पदक मिळालं.

जवळच्याच ‘साइड्स’ या अमेरिकी युद्धनौकेच्या कॅप्टनने तेच विमान रडारवर पाहिलं होतं. त्याला त्यात धोका वाटला नव्हता. विमानात २९० माणसं होती. त्यांत ६६ मुलं, आणि दहा जण आपल्या देशातले.