‘एकही तुकडा परत न येणारा’ क्रम? त्या मेसेजमधले तिन्ही दावे चुकीचे

दादर-माटुंग्याच्या क्लासच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “०११०१००११००१०११०… या क्रमात एकही तुकडा परत येत नाही. म्हणजे तो नाणेफेकीइतकाच बेभरवशाचा. शोध मॉर्सचा, १९२१.” बारावीची मुलं हे खरं धरून चाललीत, म्हणून हा खुलासा.

क्रम बनतो असा: ० दिसला की ०१ लिहायचं, १ दिसला की १०. ०, ०१, ०११०, ०११०१००१… आधीचं तसंच राहतं, पुढे भर पडत जाते. या न संपणाऱ्या क्रमावर, म्हणजे ‘अनंत शब्दा’वर, हाच नियम लावा, तोच शब्द हाती येतो; म्हणून तो या नियमाचा स्थिरबिंदू, म्हणजे नियम लावूनही न बदलणारा. (१ पासून सुरुवात केलीत तर दुसरा स्थिरबिंदू मिळतो.)

‘तुकडा परत येत नाही’? तुकडा म्हणजे लागोपाठची काही अक्षरं (० किंवा १). दुसरं आणि तिसरं अक्षर बघा: ११, म्हणजे १ लगेच परत आला. दोनच अक्षरं हाताशी असताना हे टळतच नाही. कुठलाही तुकडा लगेच पुन्हा येऊ न देता लिहून पाहा: ०, ०१, ०१०. आता ० लिहिलात तर शेवटी ००, १ लिहिलात तर ०१०१. चौथ्या अक्षरालाच गाडी अडली! उलट या क्रमातला प्रत्येक तुकडा अनंत वेळा परत येतो, तोही मर्यादित अंतरात. खरी गोष्ट याहून देखणी आहे: कुठलाच तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही आणि क्रम कुठूनही आवर्ती होत नाही, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो असं होत नाही.

नाणेफेकीचं म्हणाल, तर नाणं उडवत राहिलात की कधी ना कधी ००० पडतंच. इथे ते कधीच नाही. तीन अक्षरी ८ तुकड्यांपैकी फक्त ६ दिसतात, चार अक्षरी १६ पैकी १०. शिवाय कुठलंही अक्षर थेट सांगता येतं. शून्यापासून मोजा, १३ वं हवंय? १३ द्विमान पद्धतीत ११०१, त्यात १ तीनदा, म्हणजे विषम वेळा, म्हणून अक्षर १. यात बेभरवशाचं काय उरलं?

अमेरिकी गणितज्ञ मार्स्टन मॉर्स यांनी १९२१ मध्ये हा क्रम वापरला हे खरं, पण नॉर्वेचे गणितज्ञ आक्सेल थूए १९०६ आणि १९१२ च्या निबंधांत त्यावर लिहून गेले होते. त्याच्याही आधी, १८५१ मध्ये, फ्रान्सचे गणितज्ञ प्रुए यांच्या अंकगणितात तो आडून येतो. ते कसं, याचं एक उदाहरण: शिवाजी पार्कवर दोन कॅप्टन याच क्रमाने आठ खेळाडू निवडतात असं धरा. ० म्हणजे पहिल्याची पाळी, १ म्हणजे दुसऱ्याची. शून्यापासून मोजलं तर पहिल्याला ०, ३, ५, ६ या पाळ्या मिळतात, दुसऱ्याला १, २, ४, ७. दोन्हींची बेरीज १४ आणि वर्गांची बेरीजही दोन्हीकडे ७०.