अवघड जागेचं दुखणं

मराठी माणसाला पगार विचारला तर तो विषय बदलतो, वय विचारलं तर हसतो. गाडीचं ॲव्हरेज विचारलं की मात्र खुर्ची पुढे ओढतो आणि तीन किलोमीटर वाढवून सांगतो. आमच्या सोसायटीतल्या गाड्यांची तोंडी ॲव्हरेजं खरी धरली, तर आखाती देशांनी तेलविहिरी बुजवून खजूर लावायला घ्यावेत.

त्यामुळे आमची २०१२ची पेट्रोल हॅचबॅक सोळावरून अकरावर आली तेव्हा मी ही बातमी घरातच ठेवली होती. पण मेव्हण्याने सहज विचारलं आणि बायको खरं बोलली.

झालं. टायरमध्ये नायट्रोजन भरा, एसी लावू नका, त्या पंपावर मापात पाप आहे, सगळं ऐकून झालं. तळमजल्यावरच्या काकांचा उपाय जालीम होता: "कात्रजच्या जुन्या घाटात एकदा दाबून न्या. सगळा कार्बन झडतो बघा."

काकांनी सांगितलं म्हणून दाबलं. गाडी गर्जना करायची, पण जागची हलायला कुरकुरायची. आधी एसटी पुढे गेली, मग उसाचा ट्रॅक्टर, मग दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल. तिच्यावरच्या माणसाने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उगाचच आरसा नीट केला. तेवढ्यात गाडीत कुजक्या अंड्याचा वास पसरला. मागे माझी आई बसली होती. आमच्या घरात तीन पिढ्या अंडं आलेलं नाही. आईने आधी मेव्हण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर नाकाला लावून विचारलं, "बाहेर काय काय खाता रे तुम्ही?"

खाल्लं होतं ते गाडीने. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, की त्या गंधकाचा सायलेन्सरच्या वाटेवर हायड्रोजन सल्फाइड होतो. त्या वाटेवर इंजिनाला चिकटून एक डबा असतो: कॅटलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड आत जातो, कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनची ऑक्साइडं पुन्हा साधा नायट्रोजन होतात. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं. शिशाने तो मरतो. डब्याचे नखरेही आहेत. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही. म्हणजे मंडईत जाऊन पावशेर मिरच्या आणणाऱ्या गाडीत तो तापेपर्यंत आपण घरी.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा याआधीच लागला होता. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये मला एसीत बसवून कॉफी दिली, स्कॅनर लावला, "पी ० ४ २ ०" असा कोड सांगितला, दिवा घालवला आणि बिल दिलं. दिवा स्वारगेटला परत लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी कॉफी न देता सांगितलं, "कन्व्हर्टर बदलावा लागेल. चाळीस हजार."

शेवटी नाना पेठेतल्या मिस्त्रींना गाठलं. स्कॅनर त्यांच्याकडेही होता, पण त्यांनी आधी विचारलं, "गेला ते दिसतंय साहेब. पण का गेला?"

हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता. मिस्त्रींनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशरचा गेज बसवला. काटा नको तिथे गेला. डबा जाम! दादरला उतरणारेच दारात अडकले की चढणाऱ्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही, तसं इंजिनाचं झालं होतं. जळका वायू बाहेर पडेना, म्हणून ताजी हवा पुरेशी आत येईना. मग ताकद कमी, म्हणून मी पाय आणखी दाबणार, म्हणून पेट्रोल आणखी जाणार. पाच किलोमीटर तिथे गेले होते.

पण डबा जाम झाला कशाने? मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल हातात दिली. ती मधूनच ठिणगी द्यायची विसरत होती. न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे जाऊन डब्यात पेटत होतं आणि आतली वीट वितळून बसली होती. "आता नुसता कन्व्हर्टर बदलला असता ना, तर वर्षभरात हाही वितळला असता," मिस्त्री म्हणाले. खुनाच्या खटल्यात आम्ही प्रेताला फाशी देणार होतो.

मेव्हण्याचा सल्ला तयारच होता: "सळई घालून आतलं फोडून टाका. मोकळा डबा, पिकअप मस्त!" मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "ॲव्हरेज येईल परत. वास जाईल. मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात काय जाईल ते विचारू नका."

इथे मी जरा चपापलो. वीट जाम न होता तिच्यावरचा थर नुसता निकामी झाला असता, तर ॲव्हरेज जवळजवळ सोळाच राहिलं असतं. गाडी मजेत पळाली असती आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. आमच्या पार्किंगमधल्या तोंडी वीस-बावीस देणाऱ्या गाड्यांतल्या किती जणींचे डबे असे गुपचूप वारले असतील, कुणास ठाऊक. पिवळे दिवे मात्र बऱ्याच जणींचे लागलेले असतात. तळमजल्यावरच्या काकांनी आपल्या दिव्यावर गणपतीचा स्टिकर लावला आहे.

कॉइल बदलली, प्लग बदलले, चाळीस हजारांचे घासाघीस करून पस्तीस झाले. त्याआधी पीयूसीला गाडी नापास झाली होती. बीएस-४ या धुराच्या नियमांतल्या आमच्यासारख्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतो. आमचा हायड्रोकार्बन पाहून पीयूसीवाल्याने नळी बाहेर काढून फडक्याने पुसली आणि परत घातली. आकडा तोच. पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत. आता मात्र गाडी गरम करून नेली आणि पास झाली.

जुना डबा मी डिकीतून घरी आणला. काही वर्षांपूर्वी गुजरातेत आणि आपल्याकडेही मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायचे, ते याच डब्यातल्या धातूंसाठी, असं जेवताना सांगितलं. २०२१ मध्ये रोडियम सोन्याच्या दहा पटींहून महाग झालं होतं, हेही सांगितलं. आई काहीच बोलली नाही.

रविवारी भंगारवाला आला. त्याने डबा हातात घेऊन तोलला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "पत्रा आहे आजी. लोखंडाच्या भावाने घेतो."

आई दारात उभी राहून म्हणाली, "रोडियमचं बोल."