इथंच घोडं पेंड खातं

सगळं माळेगावच्या जत्रेपासून सुरू झालं. मागच्या मार्गशीर्षात मेव्हणा मला लोह्याकडं घेऊन गेला, म्हणला दाजी, खंडोबाचं दर्शन घेऊन येऊ. दर्शनाला लागली वीस मिनिटं आन घोडेबाजारात गेले चार तास. हा माणूस पतसंस्थेत क्लार्क, आयुष्यात स्कूटीच्या वर कशावर बसलेला नाही, पण कानाची टोकं एकमेकाला टेकलेला मारवाडी घोडा बघितला आन गडी तिथंच खल्लास. येताना गाडीत म्हणतो, दाजी, आपण चार जण घोड्यावर गौताळ्याच्या जंगलात जायचं, तंबू ठोकायचा, रात्री शेकोटी, सकाळी पितळखोऱ्याची लेणी. मी हसलो. घरी बायको म्हणली, एवढा म्हणायलाय तर जा की. भावाचा विषय असला की हिच्याकडं दुसरं उत्तरच नसतं.

प्लॅनिंग माझ्याकडं आलं, कारण मला एक्सेल येतं.

पहिल्याच ओळीत गडबड. संभाजीनगर ते गौताळ्याच्या अलीकडचं कन्नडच साठेक किलोमीटर, घोडा साध्या चालीनं तासाला सहा-सात जातो, आन आमच्यासारख्या नवख्याचं बूड किती तास टिकंल ते वेगळंच. शनिवार-रविवार कन्नड यायच्या आधीच संपून जायलेत. मेव्हणा म्हणला, मग कन्नडपर्यंत घोडे टेम्पोत नेऊ. म्हणजे घोड्यावर जायच्या ट्रिपला घोडे गाडीत. ठीक आहे म्हणलं, लिहून घेतलं.

मग लग्नात घोडी देणाऱ्या चाचाकडं गेलो. त्यांनी भाड्याचं नावच काढलं नाही, आधी विचारलं, मालक, पाणी कुठंय तिथं? म्हणलं जंगलात असंलच की. ते काही बोलले नाहीत, घोडीपुढं बादली ठेवली. तुम्ही घोडी पाणी पिताना जवळून बघितली का? अजिबात आवाज नाही, ओठ नुसते पाण्याला टेकलेले, प्रत्येक घोटाला कान मागं-पुढं हालतेत आन घोट मानेतून वर चढताना लिंबाएवढा दिसतो. अर्ध्या मिनिटात बादली कोरडी. चाचांनी दुसरी ठेवली. दिवसाला तीस-चाळीस लिटर, म्हणले, उन्हात जास्त. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळं हा आकडा ऐकून मला घोडीचा थोडा रागच आला. चार घोडे, दोन दिवस, तीनशेवीस लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम, म्हणजे छोटा हत्ती आला. गाडी येतीच आहे तर कडबा टाका, भिजवलेला हरभरा टाका. मी आपलं इंप्रेशन मारायला म्हणलं, आन पेंड? चाचा म्हणले, घोड्याला पेंड कशाला मालक, ती म्हशीला. तिथं मला कळलं की आपली सगळी घोड्याची माहिती म्हणीतूनच आलीय. अनोळखी माणसाच्या हाती घोडे द्यायचे नाहीत म्हणून चाचा आन त्यांची दोन पोरं, वर ड्रायव्हर. चार जणांच्या ट्रिपला आता आठ माणसं.

राहिली परवानगी. वनखात्याचे साहेब गोड माणूस, चहा पाजला. म्हणले, गौताळा 1986 पासून अभयारण्य आहे, दोनशे साठ चौरस किलोमीटर, बिबट्या आहे, असा मुक्काम करता येत नाही. शेकोटी तर डोक्यातून काढूनच टाका. आन वन्यजीव कायदा 1972 चा, त्याच्यात घोडा म्हणजे पाळीव जनावर, गाढव, डुक्कर, बदक, याक ह्यांच्याच ओळीत. अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुराढोरांच्या लसीकरणाचं कलम आहे, तुमच्या घोड्यांचं काय? मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं, राजबिंड्या घोड्याला बदकाशेजारी बसवलं म्हणून. बाहेर आल्यावर म्हणतो, 2021 ला यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ चालत इथं आला, त्याला विचारलं का कुणी लसीचं? हे भांडण त्यानं पुढं आठ दिवस, सासऱ्यांसकट, सगळ्यांना ऐकवलं.

आन मग मराठवाड्यात कुठल्याही ट्रिपचं होतं तेच झालं, तिचा हुरडा झाला. सासऱ्यांचं शेत, विहीर, ज्वारी हुरड्यात आलेली, आगटी पेटवायला कुणाची परवानगी नाही. दोनच घोड्या नेल्या. तंबू बांधावर ठोकला. घोडेस्वारी म्हणाल तर फोटोपुरती, माझी अकरा मिनिटं, त्यातली चार खाली उतरण्यात गेली.

रात्री दोनला चाचाच्या पोरानं हाका मारून उठवलं. एका घोडीचा दोर सुटलेला आन ती सासऱ्यांच्या हरभऱ्यात मधोमध उभी, शांतपणे जेवायलीय. चाचा घाबरले. घोड्याला उलटी होत नाही म्हणले, पोट फुगलं तर जिवावर बेततं, हिला चालवत ठेवा. मग थंडीत कानटोप्या घालून पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीनं तिला बांधावरून फिरवलं, मी पुढं बॅटरी घेऊन, घोडी मागं, तिच्या मागं मेव्हणा पोटाला कान लावत. साडेपाचला तिनं एकदाची लीद टाकली आन चाचा अक्षरशः टाळी वाजवून हसले.

उजाडल्यावर सासरे आले. वाफ्यात वाकून दोन-तीन खुडलेले शेंडे हातात घेतले, घोडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जावईबापू, पुढच्या टायमाला तो वाघच आना. त्यो हरभरा खात नस्तोय."