“सुरीला टोपी कशाला?” या मेसेजला उत्तर

चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून एकच मेसेज माझ्या फोनवर आला. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तर तो दोनदा पडला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मेसेज थोडक्यात असा : सुरीच्या पात्याला कव्हर घालणं ही शहरातली फॅशन आहे, आपल्या माय-आजीनं कधी घातलं नाही. कव्हर म्हणजे कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा. कव्हरमध्ये पात्याला जंग चढतो. घरात लेकरं असतील तर सुरी थोडी बोथटच ठेवावी, म्हणजे कोणाला लागत नाही. ती उंच फळीवर ठेवावी, नाहीतर धान्याच्या डब्यात खुपसावी. आणि कापलंच तर हळद-चुना दाबावा, दवाखान्यात धावायची गरज नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. आमचा सात बायांचा गट लग्न, तेरवी, भंडारा अशा पंगतींचा सैपाक घेतो. सुरीशी आमचं रोजचं काम, म्हणून हे लिहिते आहे. आणि माझ्या जावेच्या बोटासाठी लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याहून परतायला रात्र झाली होती. सराटे (म्हणजे उलथणी), झारे, सुऱ्या, सगळं एकाच पोत्यात भरून टेम्पोत टाकलं. सकाळी जावेनं सराटा काढायला पोत्यात हात घातला. ती ओरडलीसुद्धा नाही. हात बाहेर आला तेव्हा उजव्या अनामिकेवर, तळहाताच्या बाजूनं, केसासारखी एक बारीक रेघ होती. मग ती रेघ उघडली. फडकं बांधलं, रक्त थांबलं, आम्हांला वाटलं निभावलं. दोन-तीन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की बोटाचं शेवटचं पेर वाकत नाही. लगीनसराई होती, कामं घेतलेली होती, तिनं दीड महिना तसाच अंगावर काढला. मग डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कळलं की बोट वाकवणारी कंडरा तुटली होती. तुटलेली टोकं लवकर जोडली तर जोडता येतात. दीड महिन्यात ती आखडून मागे सरकली होती, आता साधी शिवण होण्यासारखी नव्हती.

हे भाजी चिरताना झालेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि मग मेसेजमधलं एकेक वाक्य घ्या.

“आपल्या माय-आजीनं कधी कव्हर घातलं नाही.” माझी आजी पावशीवर चिरायची. पावशी म्हणजे विळी, तिकडच्या वाचकांसाठी सांगते. चिरून झालं की पातं धुवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, पावशी आडवी करायची, धार भिंतीकडे आणि वरून सूप पालथं. कोणी पावशी उभी सोडली की तिचा आवाज छपरीपर्यंत जायचा, “काऊन वं, कोनाचा पाय कापाचा हाय का?” वावरातून येताना इळा बैलगाडीत उघडा टाकलेला मी कधी पाहिला नाही. पात्याला चिंधी गुंडाळलेली असायची आणि घरी आला की तो कुडात उंच खोचला जायचा. सूप, चिंधी, कूड, ही त्या काळची टोपीच होती. आजीनं कव्हर विकत घेतलं नाही हे खरं, पण धार उघडी ठेवली हे साफ खोटं आहे.

शिवाय आजीच्या घरी धारेची वस्तू एकच होती, पाटाला जखडलेली, जागा ठरलेली. आज आपल्या घरात चार-पाच सुऱ्या असतात, पातळ पात्याच्या, टोकदार, आणि त्या चमच्यांच्या टोपलीत, खणात, मोरीवरच्या घमेल्यात कुठंही लोळत असतात. वस्तू बदलली, सांभाळायची रीत मात्र आपण मागे सोडून आलो.

“सुरी बोथट ठेवली की लागत नाही.” या एका वाक्यासाठीच मी लिहायला बसले. हे वाचून एखादी सासू घरातली सुरी दगडावर घासून मुद्दाम बोथट करेल आणि आपण सुनेचं भलं केलं असं समजेल.

पंगतीला कोहळ्याची भाजी असते. सहा-सात किलोचं जुनं कोहळं घ्या. साल लाकडासारखी, अंग गोल, खाली धड टेकत नाही. धारदार सुरीचं टोक त्यात थोडं दाबलं की आत शिरतं, मग पातं आपल्या वाटेनं खाली उतरतं, हात फक्त दिशा देतो. बोथट सुरी सालीवर टेकते आणि तिथंच थांबते. मग आपण दुसरा हात पात्याच्या पाठीवर ठेवतो, टाचा उचलतो, सगळं अंग त्या सुरीवर टाकतो. साल फुटते तेव्हा एकदम फुटते. इतका वेळ अडून राहिलेला जोर एका क्षणात मोकळा होतो आणि त्याला थांबवायला आपल्याकडे काही उरत नाही. सुरी कोहळ्यातून सुटते, नाहीतर सालीवरून घसरून कोहळं धरलेल्या हातावर येते. आणि अंगाच्या जोरानं आलेली बोथट सुरी कातडी सरळ कापत नाही, फाडते. तिला बोथट म्हणायचं ते फक्त भाजीसाठी, कातडीसाठी ती पुरेशी धारदार असते.

(कोहळं चिरायचंच असेल तर आधी खालून एक चकती काढून त्याला बूड करा, म्हणजे ते गडगडत नाही.)

धार आहे की नाही हे पाहायला भेद्रं, म्हणजे टोमॅटो, घ्या. धार असेल तर सुरी नुसती ओढली की साल तुटते. नसेल तर भेद्रं आधी चेपतं, रस उडतो आणि पातं ओल्या सालीवरून सरकतं. त्या सरकण्याच्या वाटेत आपली बोटं असतात.

आता सुरी बोथट होते कशानं? भाजी चिरून ती हळूहळूच झिजते. खरी मार खाते ती चमच्यांच्या टोपलीत, स्टीलच्या ताटात चिरताना आणि ओट्याच्या दगडावर. चांगल्या सुरीची धार दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंशांनी घासून काढलेली असते आणि तिची कड केसाहून कितीतरी बारीक असते. ती कड सराट्याच्या दांड्यावर एकदा आपटली की वळते किंवा तिला दाता पडतो. आपण म्हणतो सुरी आठ दिवसांत बसली, धार लावणाऱ्यानं फसवलं. धारवाल्यानं फसवलेलं नसतं. पात्यावरची टोपी बोटं वाचवते तशीच धारही वाचवते, आणि धार राहिली की जोर कमी लागतो, म्हणजे पुन्हा बोटंच वाचतात. मेसेज लिहिणाऱ्यानं ही दोन कामं एकमेकांविरुद्ध उभी केली, तिथंच त्याची गफलत झाली.

“कव्हरमध्ये जंग चढतो.” हे अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी मान्य करते. ओली सुरी बंद कव्हरमध्ये घातली तर जंग चढणारच. पण तो ओलाव्याचा दोष आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्या क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पात्यावर बसतो आणि खालचं लोखंड झाकतो. मिठाचं पाणी त्या थराला बारीक भोकं पाडतं, म्हणून लोणच्याचे आंबे फोडलेली सुरी तशीच पडू देऊ नये. लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या इळ्यात किंवा पावशीत ते क्रोमियम फारसं नसतं, म्हणून चिंच-लिंबू लागलं की पातं काळं पडतं आणि पावसाळ्यात रात्रीतून तांबूस होतं.

करायचं एवढंच : धुवा, पुसा, चुलीपासून लांब अर्धा तास वाऱ्यावर ठेवा, मग टोपी घाला. पावशीला किंवा लोखंडी सुरीला महिनाभर हात लागणार नसेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. जवसाचं तेल लावू नका. आपल्याकडे ते घरात असतं म्हणून हात पटकन तिकडे जातो, पण जवस हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, तो नंतर घासून काढावा लागतो. चामड्याच्या म्यानातही फार दिवस ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात राहिलेली असतात.

“धान्याच्या डब्यात खुपसा.” नको. गव्हाच्या कोठीत पायली बुडवायला हात कोण घालतं? घरातलं कोणीही, अंधारात, न बघता. आणि लेकराला सांगतो ना आपण, जा रे, डब्यातून मूठभर तांदूळ आण. जावेच्या पोत्यात आणि या डब्यात मला काही फरक दिसत नाही.

“उंच फळीवर ठेवा.” उंची हवी, पण उंचीवर उघडं पातं म्हणजे वरून पडणारं पातं. फळीवर आपण चाचपडत हात घालतो, कारण तिथलं दिसत नाही. दुपारी सगळे वावरात गेले की पाच-सहा वर्षांचं लेकरू पिंप ओढून त्यावर चढतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आणि पडणारी सुरी झेलायला जाऊ नका, हात मागे घ्या, पाय मागे घ्या, पडू द्या. फळीवर ठेवायचीच तर टोपी घालून, मूठ आपल्याकडे करून ठेवा.

“कव्हर हा कंपन्यांचा धंदा.” मग कंपनीला एक रुपया देऊ नका. आर्वी, आष्टी, कारंजा भागात संत्र्याचे बगीचे आहेत, ठिबकचे तुकडे बांधावर पडलेले असतात. १६ मिलिमीटरची काळी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, घ्या. मात्र वापरलेली नको, तिच्यातून विद्राव्य खतं आणि नळी साफ करायचं अ‍ॅसिड गेलेलं असतं. ज्याच्याकडे नवीन ठिबक बसतं आहे त्याच्याकडून उरलेला कोरा तुकडा मागा, कोणी नाही म्हणत नाही. पात्यापेक्षा दोन बोटं जास्त लांब कापा. मग एका बाजूनं लांबीभर कात्रीनं चीर द्या, चाकूनं नको. नळी उन्हात ठेवली की मऊ पडते आणि चीर सरळ जाते. साबणानं धुवा, वाळवा.

घालताना सुरी पाटावर ठेवा, मूठ एका हातात घट्ट. नळीची चीर धारेवर बसवा आणि नळी तिच्या पाठीकडून दाबा. बोटं चिरीच्या तोंडाशी कधीच आणू नका, आणि टोकाच्या बाजूनं नळी आपल्याकडे ओढत घालू नका. नळी आपल्या अंगच्या ताठपणानं धार धरून ठेवते. टोकापुढे उरलेली दोन बोटं दुमडा आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं चढवा. दुसरं कडं मुठीजवळ. पावशीच्या पात्यालाही हीच नळी चालते, फक्त पात्याच्या बाकाप्रमाणे दोन तुकड्यांत घालावी लागते. वहीच्या पुठ्ठ्याची दुहेरी घडी करून कडेनं चिकटपट्टी लावली तर तीही महिना-दोन महिने टिकते, भिजली की फेकून नवी करायची. नुसत्या फडक्यात गुंडाळणं मात्र बंद करा. दाब आला की पातं फडक्यातून आरपार येतं, आणि आत सुरी आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही.

ज्यांना विकतचं परवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पातं पूर्ण झाकणारं, हलवलं तर आपोआप न सुटणारं. कोणतंही प्लास्टिकचं कव्हर चुलीच्या किंवा शेगडीच्या शेजारी ठेवू नये, एवढं पाळावं.

“हळद-चुना दाबा.” इथं मी हात जोडून सांगते, असं करू नका. चुन्यानं जखम भाजते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि जखमेत भरलेली पूड डॉक्टरांना आधी खरवडून काढावी लागते. तंबाखू आणि माती भरणारेही आमच्याकडे आहेत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आपलं अंगण, गोठा, वावर सगळं माती-शेणाचंच आहे. धनुर्वात जंगानं होतो असं लोक म्हणतात, पण चकचकीत सुरीला माती लागलेली असली तरी तो होऊ शकतो.

वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात उंच धरा, आणि घड्याळ लावून १० मिनिटं कापड उचलून पाहू नका. तेवढ्यानं रक्त थांबलं नाही, जखम उघडी राहिली, बोट बधिर वाटलं किंवा एखादं पेर वाकेना, तर त्याच दिवशी दवाखाना. गाडी नसेल आणि रक्त थांबतच नसेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताची लस टीडी नावानं सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. लेकरांना ती १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात. मोठ्या माणसांना शेवटची कधी घेतली हे बहुतेक आठवत नाही. नसेल आठवत तर तिथं तसंच सांगा, किती द्यायची ते ते बघतात. रक्त थांबलं म्हणजे झालं, असं आम्ही त्या सकाळी समजलो होतो. बोटं एकेक करून वाकवून पाहायला कोणालाच सुचलं नाही.

आता आमच्या गटाकडे नऊ सुऱ्या आणि दोन पावश्या आहेत. पंगत आटोपली की सराट्या-झाऱ्यांचं पोतं वेगळं आणि सुऱ्यांचा पत्र्याचा डबा वेगळा. डबा बंद करायच्या आधी जाऊ टोप्या मोजते. उजव्या अनामिकेचं शेवटचं पेर ताठच राहतं, म्हणून ट्यूबचं कडं ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी ओढते, पातं गुडघ्यापासून लांब धरून, आणि नवव्या सुरीची टोपी बसल्याशिवाय टेम्पोवाल्याला गाडी सुरू करू देत नाही.