स्वेटर घेऊन समुद्रावर

फेब्रुवारी संपत आला की आमच्या बेळगावात हवा काही कळत नाही, पहाटे हुडहुडी आणि अकराला पंखा. अशात कुणीतरी हमखास म्हणतंय, चला वेंगुर्ल्याला, निवांत फिरून येऊ. यंदा मामा म्हणाले. निवांतपणा आणि आमचं खानदान ह्यांचं कधी पटलेलं नाही, पण मामांपुढं बोलणार कोण!

हिंडलग्यात स्वेटर, शिनोळीत स्वेटर, आंबोलीत तर मामींनी कानटोपी पण चढवली, आणि घाट उतरून सावंतवाडी आली तसा एकेकजण सोलायला लागला. वेंगुर्ल्यात गाव चालतच बघायचं ठरलं आणि सगळ्यांचे स्वेटर, का कुणास ठाऊक, माझ्या हातात. गाडीत ठेवतो की म्हटलं, तर मामी म्हणाल्या, "असूदे गा, बंदरावर वारं असतंय." वारं कसलं, नुसती वाफ.

डच वखारीसमोर मामा थांबले ते थांबलेच. "1637 साली डच आले बघ हितं, गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला त्यांना हे बंदर पायजे होतं, मग 1812 ला सावंतवाडीकरांकडनं इंग्रजांकडं गेलं, आणि रेल्वे यायच्या आधी आपल्या बेळगावच्या लष्करी कॅम्पचं सामान हितंच उतरून घाट चढून यायचं. आपला वेंगुर्ला रोड काय उगीच हाय व्हय?" खरं सांगतो, ऐकायला भारी वाटतं, आणि त्या पडक्या भिंती बघून पोटात तुटतं पण. फक्त काखेत लोकरीचं गाठोडं घेऊन घामानं निथळत उभा राहिलेल्या माणसाला डच लवकर गेले तर बरं असं वाटणारच की.

डच गेले तर बाजारात मामी अडकल्या. ओले काजूगर! ह्या दिवसांत हेच खायचं, बाकी सगळं नंतर. विकणारी आजी समोर बसून बिया चिरत होती, चिकानं बोटं काळी पडलेली, त्यावर राख, आणि पुढ्यात पानावर गुलाबी सालीचे गर. भाव शेकड्यावर. मामींनी तिथंच फतकल मारली आणि मोजायला सुरुवात केली. साठाच्या आसपास मामांनी विचारलं, "अगं, जेवायचं कुठं?" झालं, परत एकपासून. दुसऱ्या वेळेला अठ्ठ्याण्णव भरले.

"मावशी, दोन कमी भरालेत की हे!"

"कमी नाय गे बाये, शंभर आसत."

मग तिसऱ्यांदा. मागं गिऱ्हाईकं तटलेली, ऊन डोक्यावर, मामा सावली बघून केव्हाच सटकलेले. मी हळूच म्हटलं, मामी, द्या की सोडून, दोनच तर हाईत. मामींनी असं बघितलं की मी बोट दाखवून मोजायलाच लागलो, स्वेटर डोक्यावर घेऊन.

आजी मान वर न करता म्हणाली, "बेळगावचे मां तुमी? मोजा मोजा, माका सांजेपर्यंत वेळ आसा."